जॉइनिंग कधी?

बाळांनो, परदेशात मदतकार्याची नोकरी कशी मिळते, असं विचारलंत. मी एकीला मिळवताना पाहिलंय.

धामणकर नाक्यावर आमची शेअर रिक्षा ट्रॅफिकमध्ये अडकली होती. शेजारच्या बाईच्या गळ्यात पूर्णा गावच्या गोदामाचं ओळखपत्र होतं आणि फोनवर तसल्याच नोकरीची व्हिडिओ मुलाखत चालू होती. ती पदराने सारखी फोनची काच पुसायची, जणू पलीकडच्या गोऱ्या मॅडमलाच धूळ लागलीय. मग मला कोपराने ढोसायची.

"आजी, काय बोलते ती? यंदा न्हाय जमलं तर घरचे परत परदेशाचं नाव काढू देणार न्हाय."

"म्हणते, तिथे रस्ते धड नाहीत, वीज जाते, गर्दी, गोंगाट. राहाल का?"

तिने बाहेर पाहिलं आणि खदखदून हसली. "ही मला तिकडं नेते, का हितंच ठेवते?" मग फोनकडे वळून ठसक्यात, "नो प्रॉब्लेम, मॅडम. फुल एक्स्पीरियन्स हाय."

मॅडमही हसल्या आणि जॉइनिंगचं विचारलं. तो शब्द हिला बरोबर कळला.

"ट्रॅफिक सुटला की!"

मी इंग्रजीत 'ताबडतोब' असं सांगितलं. त्या नाक्यावर बसून इतकं धडधडीत खोटं मी कधीच बोलले नव्हते.