लेखनिक नको

विशेष शिक्षिका म्हणून मी चिखली तालुक्यात फिरतीवर असते. आज या शाळेत, उद्या त्या. कुठंही गेलं की मुख्याध्यापक म्हणतात, "आल्या का? न्या तुमची पोरं." तुमची! डोक्यात तिडीकच जाते. वर्गातली चाळीस त्यांची, आणि ज्याला ऐकू येत नाही, जिचा हात चालत नाही, ती तेवढी माझी.

त्यातली एक पोरगी मात्र खरंच माझी झाली होती. जन्मताना उशिरा रडली, तेव्हापासून उजवा हात आखडलेला. लक्ष घडीभर ठरायचं नाही; खिडकीबाहेरून बकरी गेली की ही बाई तिच्यासोबत गेलीच. पण डोकं? दोनदा ऐकलेला धडा तोंडपाठ. पेनाला चिंधी गुंडाळून मी तिला तीन वर्षं लिहायला शिकवलं. एका ओळीला तिला घाम फुटायचा. ओळ झाली की विचारायची, "जमलं न मॅडम?"

दहावीला बापानं अट घातली. "पास झाली तं कॉलेजात टाकतो. नाही तं संग्रामपूरले मावशीकडं, तिची लेकरं सांभाळायले." बाप बोलला की घरात विषय संपायचा.

अशा मुलांना परीक्षेत लेखनिक मिळतो. मुलानं सांगायचं, खालच्या वर्गातल्या कुणी लिहायचं. वाढीव वेळही मिळतो. अर्ज मलाच भरून द्यायचा होता. पालकसभेत मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हिच्यासाठी लेखनिक लागनच न, मॅडम?" त्यांच्या बोलण्यातला कुचकेपणा मला झोंबला. "कशाले?" मी ताडकन म्हणाले. "हिले कोणाची गरज नाही. स्वतःच्या हातानं लिहीन पोरगी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. बापानंही वाजवल्या. आणि मी मूर्ख बाई फुशारून गेले. अर्ज भरलाच नाही. वाढीव वेळही त्याच अर्जात होता, तोही गेला.

निकाल लागला. दोन विषय राहिले. शाळेच्या व्हरांड्यात ती भेटली. "तिसऱ्या प्रश्नावर आली आन् घंटा झाली," म्हणाली. "बाकीचं येत होतं मले." आणि उभ्या उभ्या तिनं इतिहासाची राहिलेली उत्तरं घडाघडा म्हणून दाखवली. एकही चुकलं नाही. मला तिच्याकडे बघवेना.

फेरपरीक्षेचा अर्ज घेऊन दुसऱ्याच दिवशी तिच्या घरी गेले. या वेळी लेखनिकाचा कागदही सोबत होता. बापानं तो हातातसुद्धा घेतला नाही.

"मॅडम, तुमीच म्हणल्या न सभेत, हिले कोनाची गरज नाही? मंग आता काऊन लागते?"

"चूक माझी झाली, भाऊ. तिची नाही. एक डाव बसू द्या तिला." पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं मी. लाज कसली आता!

"टाळ्या वाजोल्या मी, साऱ्या गावासमोर," तो म्हणाला. "आता लोकं मले हासून राह्यले. मावशीले फोन झाला. उद्या जाते ते."

मी पुन्हा तोंड उघडलं, तसा त्याचा आवाज चढला. तुमच्यासारख्या बाया पोरीच्या डोक्यात हवा भरतात, असं काहीबाही बोलू लागला. खरंच होतं ते.

दारात पोरगी उभी होती. कपड्यांची पिशवी तिनं भरूनही ठेवली होती. बापाजवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडमले काई म्हनू नोका, बाबा. माहाच हात हळू चालते."