न फाडलेलं पत्र

संग्रहालयात काचेखाली एक पत्र आहे. एकोणिसाव्या शतकातल्या एका दिवाणांनी ते थोरल्या बहिणीला लिहिलेलं. संस्थानाच्या कामासाठी जाताना, बरोबर असलेली त्यांची लेक वाटेतच तापानं गेली. ‘अक्का, गाडी पुढे चालली आहे, मी मात्र तिथेच आहे,’ असं ते लिहितात.

पत्राचा कोपरा फाडलेला आहे. मृत्यूच्या बातमीची ती खूण. असं पत्र वाचून लगेच फाडून टाकायचं, ही आपल्याकडची रीत.

“असलं कुणी घरात ठेवतं का?” शेजारी उभ्या असलेल्या बाई पुटपुटल्या.

अक्कानं ठेवलं. घरच्यांनी टोकलंच असेल, तरी ठेवलं.

माझा भाऊ गावी जाताना अपघातात गेला. त्याचा शेवटचा मेसेज माझ्या फोनमध्ये आहे, ‘पोचलो की फोन करतो.’ सगळे म्हणतात, पुसून टाक आता.

नाही पुसणार.