मीही त्यातलीच

मी भूल देणारी डॉक्टर. लीड्सच्या एका मोठ्या हॉस्पिटलात माझं अर्धं आयुष्य लोकांना झोपवण्यात आणि जागं करण्यात गेलं. नवरा केव्हाच ब्रिटिश झाला, मुलगी तर इथलीच. मी मात्र भारतीय पासपोर्ट सोडला नाही. त्यामागे काही थोर देशभक्ती नाही हं. मुंबईला उतरल्यावर आपल्या माणसांच्या रांगेत उभं राहायला मला आवडतं, बस्स. इथे कायमचं राहायची परवानगी आहे, तिला सगळे सेटलमेंट म्हणतात. तेवढ्यावर माझं घर, नोकरी, कन्झर्व्हेटरीतला, म्हणजे मागच्या काचेच्या खोलीतला, कढीपत्ता, सगळं सुरळीत चाललं होतं.

मग आमच्या भागात पार्लमेंटची पोटनिवडणूक लागली. रस्त्यातल्या दिव्यांच्या खांबांवर इंग्लंडचे झेंडे चढले आणि एका पक्षाने जाहीर केलं की आम्ही देशात सत्तेवर आलो तर ही सेटलमेंटच रद्द करू. ज्यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट नाही त्यांनी पुन्हा अर्ज करायचा, नाहीतर चालू पडायचं. टीव्हीवर हे ऐकलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. आमचे हे घाबरले. "अगं, नागरिकत्वाचा अर्ज करून टाक ना एकदाचा. कशाला जिवाला घोर?"

"मुळीच नाही," मी म्हटलं. "इतक्या वर्षांत कुणी प्रेमाने सांगितलं असतं तर केलाही असता."

"प्रेमाने मीच सांगतोय की!"

"तुम्ही घाबरून सांगताय. ते वेगळं."

त्यांनी पेपर तोंडापुढे धरला. आमच्याकडे भांडण असंच संपतं.

आता गंमत ऐका. माझ्या हातात भारतीय पासपोर्ट, तरी मला या पार्लमेंटसाठी मत देता येतं. कॉमनवेल्थमधल्या लोकांना इथे तो हक्कच आहे. आणि आमची शेजारीण, पोलंडची, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालते, तिची मुलं इथल्या शाळेत यॉर्कशरच्या हेलात बोलतात, तिला मात्र हे मत नाही. युरोपातून बाहेर पडायचं की राहायचं, हे देशाला विचारलं तेव्हाही मला विचारलं, तिला नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथे जिचं जळत होतं तिला कुणी विचारलंच नाही.

त्या वेळी इथल्या आमच्या मराठी मंडळातल्या कितीतरी डॉक्टरांनी बाहेर पडायला मत दिलं होतं. हिशोब काय, तर युरोपातले लोक यायचे थांबले की आपल्या भाच्या-पुतण्यांना व्हिसे मिळतील! मी तेव्हाही वाद घातला होता. एका हाडांच्या डॉक्टरांनी मला ऐकवलं, "वहिनी, तुम्हाला पॉलिटिक्समधलं काय कळतं?" जसं काही त्यांना हाडं जोडता जोडता सगळं राज्यशास्त्र कळलं होतं.

तेच हाडांचे डॉक्टर, आता निवृत्त, आमच्या मंडळाचे माजी अध्यक्ष, एका शनिवारी दुपारी बायकोला घेऊन आमच्याकडे चहाला आले. त्यांच्या कोटावर सेटलमेंट रद्द करणाऱ्या त्याच पक्षाचं रिबिनीचं फूल, बायकोच्या हातात पत्रकांचा गठ्ठा. दारातच मला हसू आवरेना आणि रागही आवरेना. पण आमच्याकडची रीत अशी की आल्या माणसाला चहा दिल्याशिवाय भांडायचं नाही. मी आलं घालून चहा टाकला, बाकरवडी काढली.

"वहिनी, तुमच्या घरची मतं आपल्यालाच हं," भाऊजी बाकरवडी मोडत म्हणाले.

"आपल्याला म्हणजे कुणाला?"

"अहो, तुम्ही उगाच मनावर घेऊ नका. हे आपल्यासाठी नाहीच. आपण कष्टाने वर आलो, टॅक्स भरले. हे त्या बाकीच्यांसाठी आहे." आणि त्यांनी खिडकीतून बाहेर बोट केलं. बाहेर शेजारीण आमच्या सामाईक कुंपणाला रंग लावत होती. अर्धं कुंपण माझं, तरी तीच लावत होती, कारण माझी पाठ दुखते.

मी कप खाली ठेवला. "भाऊजी, माझ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट नाही. सेटलमेंट आहे नुसती. तुम्ही ज्यांना काढायचं म्हणताय ना, मीही त्यातलीच."

ते हसले. मग आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी होकारार्थी मान हलवली. भाऊजींचे डोळेच पांढरे झाले. "अहो, पण तुम्ही वेगळ्या! तुम्हाला कोण हात लावणार?"

"का बरं? माझ्या कपाळावर लिहिलंय, ही चांगल्यातली म्हणून? ती कुंपण रंगवणारी बाई मला विचारते, तुमच्या भारतात आता कुणाला नावं ठेवतात? तिच्या पोलंडमधल्या गावात लोक युक्रेनमधून आलेल्यांबद्दल तेच बोलतात जे इथे तिच्याबद्दल बोलत होते. माझा पुतण्या हॉलंडमध्ये आहे, तिथेही तेच. जर्मनीतही तेच ऐकते. सगळीकडे कुणीतरी आपल्यासारखा चहा पीत बसलेला असतो आणि म्हणतो, हे आपल्यासाठी नाहीच! भाऊजी, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ते हेच."

"अगं, जरा हळू," आमचे हे पुटपुटले.

"का हळू? माझ्या घरात बसून मला घराबाहेर काढायचं बोलतायत, आणि मी हळू?"

भाऊजी उठायला लागले. मला वाटलं, झालं, आता हे मंडळभर सांगणार की वहिनींनी अपमान केला. सांगू देत. तेवढ्यात त्यांची बायको बोलली. या बाई हळदीकुंकवालाही तोंड उघडत नाहीत, मंडळात त्यांचा आवाज आम्ही फक्त आरतीत ऐकलेला. मांडीवरची पत्रकं टीपॉयवर ठेवून त्या म्हणाल्या, "अहो, माझा पासपोर्टसुद्धा भारताचाच आहे."

"ते माहीत आहे गं मला! तुझं काय? तू माझी बायको आहेस."

"तुम्ही त्यांना तसं सांगितलंय का? त्यांच्या मीटिंगला जाता ना रोज?"

भाऊजी कोटावरचं फूल चाचपायला लागले. म्हणजे सांगितलं नव्हतं. आपल्या बायकोला सूट मिळेल हे ते मनाशी धरून चालले होते, आणि तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं. त्यांचा चेहरा पाहून, खरं सांगते, मला जिंकल्यासारखं वाटलं नाही, वाईट वाटलं. पण बाईंचा चेहरा पाहून फार बरं वाटलं. चहा संपवून दोघं गेली. पत्रकं टीपॉयवरच राहिली.

मतदानाच्या दिवशी सकाळी त्या बाई एकट्याच बसने आमच्याकडे आल्या. त्या नेसल्या होत्या गडद जांभळी साडी, वरून जाड कोट. आमच्या ह्यांनी मला सुचवलं होतं की आज साडी नको, रस्त्यात झेंडेवाले उभे आहेत. तेव्हा मीही कपाट उघडून नारायणपेठ काढली. आम्ही दोघी झेंड्यांखालून चालत गेलो, आणि मुद्दाम मराठीत, मोठ्याने, भाज्यांच्या किमतींवर बोलत गेलो. कुणीतरी पलीकडून काहीतरी ओरडलं. बाईंनी वळूनही पाहिलं नाही, नुसता माझा दंड घट्ट धरला.

आमचं दोघींचं पोलिंग स्टेशन एकच, चर्चच्या हॉलमध्ये. ओळख पटवायला मी माझा भारतीय पासपोर्ट टेबलावर ठेवला. टेबलामागच्या मुलीने फोटो पाहिला, यादीत नाव शोधलं आणि मतपत्रिका माझ्या हातात दिली. मागे बाईंनीही आपला पासपोर्ट पुढे केला. पडद्याआड मी फुली इतकी रागाने मारली की पेन्सिलचं टोकच मोडलं.

आमच्या भागात तोच पक्ष जिंकला. निकाल ऐकून आमचे हे माझ्यासमोर येऊन बसले. डोळे ओले होते त्यांचे. "आता तरी अर्ज करशील का गं? उद्या हे सरकारात आले आणि तुला नेलं तर मी काय करू?"

मला त्यांचा राग आला नाही या वेळी. मी त्यांचा हात हातात घेतला. "करीन ना. ज्या दिवशी इथे मला कुणी भीती घालत नसेल, त्या दिवशी आपण दोघं मिळून जाऊ आणि मी तो ब्रिटिश पासपोर्ट हसत घेईन. तोवर त्यांनी मला काढूनच दाखवावं."