टाचा घासायचा दगड

रहाटणीच्या आमच्या फ्लॅटमधल्या बाथरूमच्या टाइल्स मी हौसेनं निवडल्या, आणि सासूबाईंनी त्यांच्यावर आणून ठेवला तो काळपट, मुठीएवढा दगड. टाचा घासायचा. ओबडधोबड, फक्त एका बाजूला ओळीनं कंगोरे. मी गुलाबी प्लॅस्टिकची घासणी आणून दिली, तर ती त्यांनी बेसिनला लावली.

त्यांचं माहेर राजगुरुनगरजवळ, भीमेच्या काठावर. तिथली रीत अशी, की मुलगी सासरी निघाली की आईनं नदीवर जाऊन तिच्यासाठी असा दगड निवडून आणायचा. "सासरी कुनी तुझं पाय बघणार न्हाई, तूच बघ," असं सांगून द्यायचा. आता आई नाही, भावांनी जमीन विकली, घरही गेलं. माहेरचं म्हणून सासूबाईंकडे उरलं ते एवढंच.

गेल्या उन्हाळ्यात माझी मैत्रीण जेवायला आली. ती कॉलेजात भूशास्त्र शिकवते. पाय धुवायला बाथरूममध्ये गेली आणि ओल्या पायांनीच बाहेर आली, हातात आमचा दगड.

"अगं, ही हत्तीची दाढ आहे! तुकडाच आहे, पण दाढच. दगड झालेली."

"आमच्या नदीला कुठला आलाय हत्ती?" सासूबाई म्हणाल्या.

मग पोळ्या गार होईपर्यंत ती सांगत राहिली. फार पूर्वी इकडे गवताची रानं होती, हत्ती होते, थोराड रानबैल होते. मेलेल्या जनावराचं बाकी बहुतेक सगळं जातं, दात टिकतात, आणि नदीच्या गाळात पुरले गेले की त्यांचा हळूहळू दगड होतो.

"काकू, ही कॉलेजच्या संग्रहात हवी. घासून घासून कंगोरे झिजत चाललेत."

"आईनं दिलीय," एवढंच म्हणून सासूबाईंनी ती पदराखाली घेतली. कालपर्यंत तो दगड कधी जातोय असं मला झालं होतं. आता मात्र मैत्रिणीचाच राग आला.

त्यानंतर सासूबाईंनी टाचा घासल्या नाहीत. दाढ ओट्यावर ठेवून भाजी निवडता निवडता तिच्याकडे बघायच्या. "त्यानं जल्मभर गवत चावलं, आन मी टाचा घासत बसले," म्हणून एकदा खूप हसल्या. मग म्हणाल्या, "देऊ तिला. पन आधी मला नदीवर न्या."

एका रविवारी आम्ही तिघी गेलो. मैत्रीण काठाच्या दरडीत डोळे घालून बसली. सासूबाई पदर खोचून पाण्याकडेला दगड उचलत होत्या, टाचेवर घासून बघत होत्या, टाकून देत होत्या. शेवटी दोन पसंत पडले. ते त्यांनी मैत्रिणीपुढे धरले.

"नीट बघ बाई. ह्यात हत्ती-बित्ती न्हाई ना कुठला?"

"नाही काकू, नुसते दगड."

"मग बरं झालं." त्यांनी पिशवीतून दाढ काढून तिला दिली. एक दगड पिशवीत टाकला, दुसरा माझ्या हातात ठेवला.

"सासरी कुनी तुझं पाय बघणार न्हाई," त्या सवयीनं म्हणून गेल्या आणि थांबल्या. मग खाली वाकून माझ्या टाचा बघत म्हणाल्या, "किती फुटल्यात गं ह्या."