बिनमाणसाची होडी

माणसाशिवाय चालणाऱ्या वाहनासाठी जगात सर्वांत जास्त माणसं कोणी राबवली असतील, तर ती माझ्या बायकोच्या मामांनी. उज्जैनच्या तंत्रशाळेतून ते निवृत्त झाले आणि तेव्हापासून आम्हाला उसंत मिळाली नाही. बाजारात परदेशी माल नुकताच दिसू लागला होता. मामांनी इंदूरहून रिमोटवर चालणारी खेळण्यातली मोटार आणली. आम्हाला वाटलं, नातवासाठी. पण माधवनगरच्या त्यांच्या घराच्या गच्चीवर तिची चिरफाड झाली आणि त्यातून दोन हात लांबीची पत्र्याची होडी जन्माला आली. नदीच्या रामघाटावर कुणी पाय घसरून खोल पाण्यात गेलं, तर या होडीनं दोर घेऊन त्याच्यापर्यंत जायचं, असा बेत होता. बेत खरोखर चांगला होता, म्हणून तर कुणाला नाही म्हणता येईना.

रिमोट मामांकडे. दोर सोडायला मामी, कारण त्यांचा हात हलका. होडी शेवाळात अडकली की ती सोडवून आणायला कैलास नाववाला, माणसांच्या नावेतून. "मास्टरजी, इससे तो मैं ही रस्सी दे आऊँ?" असं तो दर रविवारी विचारायचा आणि मामा दर रविवारी म्हणायचे, "और तू खाना खाने गया हो तो?" मी होतो 'नजर'. म्हणजे वरच्या पायरीवर उभं राहून, होडी कुठे वळवायची ते ओरडून सांगायचं. डावं-उजवं म्हणायला बंदी, कारण होडी आपल्याकडे तोंड करून आली की ते उलटतं. घाटाकडे वळवायची तर 'राम', पलीकडच्या दत्त आखाड्याकडे तर 'दत्त', थांबवायची तर 'बस'. मी ओरडायचं, मामांनी तेच म्हणून दाखवायचं आणि मगच बटण दाबायचं. सहा दिवस बँकेत मान मोडून सातव्या दिवशी घाटावर देवांची नावं घेणाऱ्या मला एकदा दोन यात्रेकरूंनी वाकून नमस्कारही केला. मी तो घेतला. नाही म्हणायचंही त्राण नव्हतं.

"मामा, होडी तुमच्या नाकासमोर आहे. मी कशाला ओरडू?" मी एकदा वैतागून विचारलं.

"जावईबापू, रिमोटवाल्यानं स्वतःच्या डोळ्यांवर चालायचं नसतं. दोघांनी दोन गोष्टी ठरवल्या की होडी गेलीच समजा."

शेवटी होडी घाटावर कायमची ठेवावी का, हे बघायला महापालिकेचे दोन साहेब आले. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बुडणारा माणूस म्हणून कैलासनं पाण्यात एक मडकं सोडलं. होडी मडक्यापर्यंत झकास गेली. साहेबांनी मान डोलावली. परत येताना ती सरळ पायऱ्यांवर येऊ लागली. मला 'बस' म्हणायचं होतं. पण मनात आलं, दर रविवारी किती ओरडायचं? दहा हातांवर तर आहे, थांबवतील स्वतः. मी गप्प राहिलो.

मामा दोन्ही हातांत रिमोट धरून, मान किंचित माझ्याकडे कलती करून उभे होते. होडी पायरीवर आपटली, पत्रा फाटला आणि ती त्यांच्या पायाशी बुडाली.

"बैटरी उतर गई, साहब," मामा म्हणाले. साहेब घड्याळ बघत निघून गेले. मग मामांनी मला हळूच विचारलं, "कुठं लागली हो?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "केव्हापासून, मामा?"

"उजवा डोळा दिवाळीलाच गेला. डावाही धूसर झालाय. मामीला बोलू नका हं. रिमोट काढून घेईल."

साहेब पुन्हा आले नाहीत. होडी गच्चीवर गेली ती गेलीच. मला मामांना तोंड दाखवायची लाज वाटू लागली. चार दिवसांनी तेच टेम्पोत बसून नानाखेड्याला आमच्याकडे आले, भिंत चाचपत जिना चढले आणि माझ्या हातात ज्येष्ठमधाची कांडी ठेवली.

"घसा बसला होता ना त्या दिवशी? चूक माझीच. एकट्या माणसाला किती ओरडायला लावायचं! दोन नजरा ठेवायला हव्या होत्या."

मी कांडी चघळली. माझा घसा ठणठणीत होता, हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.