पुढून रफू, मागून फट

“मावशी, ही जर्सी त्यांच्या अंगात जाईल अशी करून द्या. फ्युनरलसाठी हवीय,” मृणाल म्हणाली. ज्यांच्या फ्युनरलबद्दल ती बोलत होती ते तिचे सासरे, जॉर्ज, तिच्या शेजारीच व्हीलचेअरवर बसून मान डोलावत होते.

मी टेक्स्टाइल कॉन्झर्व्हेटर आहे. टेक्ससमधल्या प्लेनोत माझं छोटं वर्कशॉप आहे. जुनी कापडं आणखी बिघडू नयेत, एवढंच माझं काम. कापणं तर मुळीच नाही. मृणाल मूळची नागपूरची, आता शेजारच्या फ्रिस्कोत आयटीत. जॉर्ज इंग्रजीत बोलत होते, ते इथे मराठीत देते.

टेबलावरची लोकरी जर्सी जॉर्जच्या आजोबांची, वॉल्टरची. शंभर वर्षांहून जुनी. वॉल्टर उत्तर इंग्लंडमध्ये कोळशाच्या खाणीत कामाला होता आणि शनिवारी रग्बी लीग खेळायचा. रग्बीचाच हा एक प्रकार, एका बाजूला तेरा जण, खेळणारे बहुतेक खाणीतले नाहीतर गिरणीतले. गावच्या टीममधून तो मोठ्या क्लबात गेला, मग काउंटीकडून खेळला. पुढच्या सीझनला देशाच्या टीममध्ये घेणार अशी बोलणी चालली होती.

“मग?” मी विचारलं.

“मग काही नाही,” जॉर्ज म्हणाले.

मी जर्सी दिव्याखाली घेतली. पुढच्या बाजूला खालच्या काठापासून गळ्यापर्यंत एक सरळ रेघ. फाटलेली नव्हे, कात्रीनं कापलेली. निपचित पडलेल्या माणसाच्या अंगावरचा कपडा असाच कापून काढतात. त्यावर इतका बारीक रफू की हात लावायला संकोच वाटावा. पण मला खटकलं ते वेगळंच. बाकी जर्सी घामानं डागाळलेली, घासून झिजलेली, आणि रफूचे धागे मात्र कोरेच्या कोरे.

“हे शिवल्यावर कोणी घातलीच नाही,” मी म्हणाले.

“आजीनं शिवली. तो हॉस्पिटलमध्ये होता तेव्हा. मॅचमध्ये मान मोडली होती. तिला वाटलं, पुढच्या सीझनपर्यंत उठेल.” जॉर्ज म्हणाले. “मानेखालचं काहीच पुन्हा हललं नाही. कोणीतरी ती घालायला हवी.”

पण लोकर कुजत आलेली, आटलेली. डोक्यावरून ओढली तर चिंध्याच व्हायच्या. शिवाय स्ट्रोकनंतर जॉर्जचा उजवा हात वर जात नव्हता.

“फ्युनरल होमवाले प्रेताला कपडे घालताना ते मागून सरळ कापतात,” मी स्पष्टच सांगितलं. “मी सेम नवीन बनवून देते. ही फ्रेममध्ये ठेवा.”

“नवीन आजीनं शिवलेली नसेल.”

“मावशी, रफूच उसवला तर?” मृणालनं विचारलं. “नवीन कट तरी करावा लागणार नाही.”

“त्या टाक्यांना हात लावायचा नाही!” म्हातारा एवढ्या जोरात ओरडला की मृणाल दचकली.

ती हळूच म्हणाली, “मग मागूनच. पण तुम्हीच करा, मावशी. तिकडे कोणीतरी कशीही कात्री चालवेल.”

आजवर गिऱ्हाइकाच्या कापडाला मी कात्री लावली नव्हती. मला राग आला होता, पण नेमका कोणाचा ते सांगता येत नव्हतं. आतून आधाराला बारीक जाळी टाचली आणि पाठीवर मधोमध कापली. कुजलेली लोकर कापताना आवाजही होत नाही. कडा बांधून नाड्या लावल्या, हॉस्पिटलच्या गाऊनला असतात तशा.

ट्रायलला जॉर्जनी समोरून हात घातले. मृणालनं मागे नाड्या बांधल्या. “डॅड, टाइट होतंय का?”

“नाही,” ते म्हणाले. रफूवरून अंगठा फिरवत राहिले आणि मग लहान मुलासारखे रडले. काढून द्यायला तयार होईनात. तशीच घालून गाडीत बसले.

महिन्याभरात ते गेले. त्यांना त्याच जर्सीत पुरलं. नंतर फ्युनरल होममधल्या बाईंचा फोन आला. “मागची फट फारच सोयीची पडली. आमचा वेळ वाचला.” मी थँक यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आता कोणी जुना कपडा घेऊन आलं की मी आधी डागांचं विचारत नाही. ठेवायचाय की घालायचाय, ते विचारते. कात्रीला तेवढी धार लावून ठेवली आहे.