कुशीने ऐकणारी तार

माझ्या बायकोच्या मोठ्या भावाला आम्ही सगळे दादा म्हणतो. त्यांचं आयुष्य घड्याळदुरुस्तीत गेलं. मला लिहायची सवय नाही, पत्रातसुद्धा 'इकडे सर्व ठीक' याच्या पुढे माझी गाडी जात नाही. पण या हकिकतीतली एक चूक माझी आहे, म्हणून ती मीच लिहिलेली बरी.

दादांना घड्याळांइतकंच वेड हौशी रेडिओचं. सरकारी परवाना काढायचा, घरात यंत्र मांडायचं आणि जगाच्या पाठीवरच्या कुठल्यातरी अशाच वेड्याशी बोलायचं. यंत्र त्यांनी विकत आणलं होतं. अँटेना मात्र कायम घरची. वायरिंगची जुनी तार, दोन तुकडे, मध्ये प्लास्टिकच्या साबणदाणीचा तुकडा, टोकांना नायलॉनची दोरी. तार कापताना वीतभर जास्तच ठेवायची आणि मग बोट बोट छाटत आणायची, असा त्यांचा नेम.

"जास्त असली तर छाटता येते," ते मला सांगायचे. "कमी पडली तर मग बसा माझ्या बहिणीसारखं तोंड फुगवून."

"ऐकू येतंय हं दादा," आतून बायको.

"ऐकू यावं म्हणूनच तर अँटेना बांधतो."

एकतीस वर्षं, दर रविवारी सकाळी आठ वाजता, दादा एका बेकरीवाल्याशी बोलत. दूरच्या देशातला माणूस. दोघं कधी भेटले नाहीत. दादांना त्याची भाषा येत नव्हती, त्याला दादांची नाही. बोलणं सगळं कट्ट-कडकट्ट, जुन्या तार ऑफिसातल्या टिंब-रेघांच्या भाषेत, आणि तेही या हौशी लोकांच्या ठरलेल्या खुणांमध्ये. नाव, हवा, अँटेना, तब्येत, शुभेच्छा. मला वाटायचं, एवढ्यात काय बोलत असतील? दादा म्हणायचे, "हातावरून माणूस कळतो." निरोपाची शेवटची रेघ बेकरीवाला जरा लांबवायचा. निघालेला पाहुणा चप्पल घालूनही दारात रेंगाळतो, तशी.

वहिनी गेल्या त्या आठवड्यात दादांनी दोनच खुणा पाठवल्या. एक बायकोची आणि दुसरी स्टेशन कायमचं बंद झाल्याची; माणूस गेला की हे लोक हीच खूण देतात. पलीकडून फक्त एक लांब रेघ आली.

पुढे दादांचे गुडघे गेले आणि मुलीने त्यांना आपल्या फ्लॅटवर आणलं. तिसरा मजला, वर गच्ची, लिफ्ट नाही. यंत्र गॅलरीतल्या टेबलावर आलं, पण अँटेनाचं नाव काढताच सोसायटीचे सेक्रेटरी हात जोडून उभे.

"काका, टॉवर नको. लोक मला फाडून खातील."

"टॉवर कसला? एक तार."

"आज तार म्हणाल, उद्या खांब म्हणाल."

अशात पाच महिने गेले. मग जुन्या पत्त्यावरून फिरत बेकरीवाल्याचं पोस्टकार्ड आलं. एका बाजूला त्याच्या दुकानाचं चित्र, दुसऱ्या बाजूला त्याच खुणांमध्ये मजकूर. दादांनी भिंग लावून वाचून दाखवला. रविवार, आठ, हाक देतो, उत्तर नाही. खाली एक तारीख. त्या तारखेच्या रविवारी तो आपलं यंत्र कायमचं आवरणार होता.

"बाबा, मी फोन नंबर शोधते ना," मुलगी म्हणाली. तिने खरंच दुकानाचा नंबर शोधला आणि लावलाही. पलीकडून कोणी बाई भराभरा बोलू लागली. दादा दोनदा "हॅलो" म्हणाले, तिसऱ्यांदा म्हणाले आणि फोन मुलीच्या हातात ठेवला.

"काय म्हणू मी तिला? पाव द्या म्हणू?"

मुलगी हसली. दादाही हसले, पण मग दुपारी जेवले नाहीत.

तारखेला साडेतीन महिने होते. दादांनी उलट टपाली कार्ड टाकलं, त्याचं उत्तर कधी आलं नाही. दादांनी सेक्रेटरींना पुन्हा बोलावलं आणि विचारलं, "गच्चीवर कपड्यांची दोरी बांधलेली चालेल?"

"दोरीला कोण नाही म्हणणार?"

दोरीच्या आत तार असेल, हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

गच्चीच्या चारी कोपऱ्यांत लोखंडी खांब होते. कोणत्या दोन खांबांमध्ये तार ओढायची, एवढाच प्रश्न. दादांना जिने चढवत नव्हते, म्हणून वरचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी मला एक जुनं होकायंत्र दिलं आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. "तार टोकाने ऐकत नाही, भाऊजी. कुशीने ऐकते. बेकरीवाला वायव्येला आहे. तारेची कूस तिकडे पाहिजे. टोक तिकडे केलंत तर ती त्याच्यापुरती ठार बहिरी."

भर बारा वाजता मी वर गेलो. सपाट जागा हवी म्हणून होकायंत्र पाण्याच्या टाकीच्या झाकणावर ठेवलं, काटा स्थिर होऊ दिला, दोनदा खात्री केली आणि तार बांधली. केबल गॅलरीत सोडली. खाली येऊन म्हटलं, "चोख झालं."

यंत्र चालू केलं तर सगळी दुनिया बोलत होती. याचं कट्ट, त्याचं कडकट्ट. दादांचा चेहरा उजळला. रविवारी आठ वाजता कानाला हेडफोन लावून बसले. बेकरीवाला आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. दादांनी तार दोनदा माझ्याकडून उतरवून घेतली, बोटभर छाटली, साबणदाणी बदलली. रविवारमागून रविवार गेले. नऊ वाजले की ते हेडफोन काढून कानाच्या पाळ्या चोळत. तारखेच्या आधीच्या रविवारी त्यांनी पोस्टकार्ड टेबलावरून उचललं आणि घड्याळाच्या सुट्या भागांच्या डबीखाली ठेवलं.

"गेला असेल," ते म्हणाले. "कार्ड टाकलं आणि गेला असेल."

त्याच सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी आमच्या तारेवर ओली चादर टाकली होती, ती काढायला मी वर गेलो. चादर खाली घेतली तर ऊन थेट डोळ्यांत. मी डोळ्यांवर हात धरला आणि तसाच उभा राहिलो. माझ्या होकायंत्राने ज्या बाजूला दक्षिण दाखवली होती, तिथे सूर्य उगवला होता.

होकायंत्र खिशातच होतं. गच्चीच्या मधोमध उभं राहून तळहातावर धरलं. काट्याने निमूटपणे सूर्याच्या बाजूला पूर्व दाखवली. टाकीपाशी नेलं तसा तो वळू लागला. टाकी प्लास्टिकची, पण झाकण लोखंडाचं. इतके दिवस तारेचं टोक बरोबर बेकरीवाल्याकडे रोखलेलं होतं.

तार सोडली, दुसऱ्या दोन खांबांना बांधली आणि दादांना न सांगताच घरी गेलो. तो आठवडा मला जेवण गोड लागलं नाही.

शेवटच्या रविवारी दादा यंत्राजवळ बसायला तयार नव्हते. मीच हेडफोन पुढे केला. "माझ्यासाठी बसा," म्हटलं. आठला दोन मिनिटं होती. ते बसले. मग त्यांचं बोट टेबलावर आपोआप हलू लागलं, आणि मला कळलं.

"तोच," दादा म्हणाले. "तोच आहे हो!"

चार-पाच मिनिटं झालं बोलणं. हवा, तब्येत. बेकरीवाल्याचं घर सुटणार होतं, तोही मुलीकडे निघाला होता. तिथे अँटेनाला जागा नाही, म्हणत होता. दादांनी घाईघाईने पाठवलं: तार, पाच मीटर आणि पाच मीटर, कपड्यांची दोरी. आवाज खाली जात होता. शेवटची लांब रेघ अर्धी ऐकू आली. त्याला मापं पोचली की नाही, कळायला मार्ग नव्हता.

मग मी सांगितलं. झाकण, काटा, सगळं. दादांनी ऐकून घेतलं.

"आठवडाभर मी जिवंत माणसाला मेलेला धरून बसलो होतो, भाऊजी."

मी मान खाली घातली. हेडफोनची वायर गुंडाळून ठेवत ते म्हणाले, "लोखंडावर होकायंत्र. घड्याळ हौदात बुडवून वेळ बघितलीत तुम्ही." आणि चहा सांगितला, दोघांचा.

त्याला आता आठ महिने झाले. बेकरीवाल्याने नव्या घरी दोरी बांधली असेल, नसेल. दादा दर रविवारी आठ ते नऊ बसतात. मी पावणेआठला गच्चीवर जातो, कोणी चादर टाकली असेल तर काढतो, होकायंत्र तळहातावर धरून तारेची कूस बघतो आणि खाली येऊन सांगतो, "तिकडेच आहे."

"हं," दादा म्हणतात, आणि हेडफोन कानाला लावतात.